मृताच्या मालमत्तेचे व्यवस्थापन आणि वकिलाचे साहाय्य : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

व्यक्तीच्या निधनानंतर तिची मालमत्ता क्षणभरही निर्नायक राहत नाही, असे कायदा मानतो. वारसाचा हक्क मृत्यूच्या क्षणीच निर्माण होतो. त्यासाठी कोणत्याही कार्यालयाच्या शिक्क्याची आवश्यकता नसते. व्यवहारात मात्र सातबारा, बँकेचे खाते, सहकारी गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र, विम्याची पॉलिसी आणि कंपन्यांचे समभाग हे सारे मृत व्यक्तीच्याच नावावर राहिलेले असतात. हक्क एका क्षणात मिळतो, पण तो हक्क दाखविणारा कागद मिळविण्यास काही वेळा एक पिढी खर्ची पडते. महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागाला २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम राज्यभर राबवून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावावी लागली, यावरून या प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते.

हक्क आणि कागद यांच्यामधील हे अंतर पार करण्याच्या कायदेशीर प्रक्रियेस मृताच्या मालमत्तेचे व्यवस्थापन असे म्हणता येईल. या प्रक्रियेत वकिलाचे साहाय्य घेण्याकडे समाजात दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले जाते. ‘घरच्या गोष्टीत वकील कशाला’ ही एक दृष्टी, तर ‘वकिलाकडे कागद दिले, आता आपले काम संपले’ ही दुसरी. या दोन्ही दृष्टी सारख्याच हानिकारक आहेत, आणि त्यांची किंमत बहुधा कुटुंबातील विधवा व विवाहित मुली यांना मोजावी लागते. मालमत्तेच्या व्यवस्थापनाचे स्वरूप, त्यासाठी लागणारे निरनिराळे दाखले, त्यांविषयीचे गैरसमज आणि वकिलाच्या साहाय्याची आवश्यकता व मर्यादा यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचन प्रामुख्याने हिंदू वारसाहक्काच्या अनुषंगाने केले असून मुस्लिम, ख्रिश्चन व पारशी समाजांना त्यांचे त्यांचे वारसाहक्काचे नियम लागू होतात, हे आरंभीच नमूद करणे उचित ठरेल.

१. व्यवस्थापन म्हणजे केवळ वाटणी नव्हे

मृताच्या मालमत्तेचा विषय निघाला की चर्चा थेट वाटणीवर येते. कायद्याच्या दृष्टीने वाटणी ही शेवटची पायरी होय. त्यापूर्वी तीन कामे पूर्ण व्हावी लागतात. पहिले, मालमत्तेची संपूर्ण यादी करणे. दुसरे, मृताचे येणे वसूल करून मालमत्ता ताब्यात घेणे. आणि तिसरे, मृताचे देणे भागविणे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये या देण्यांचा क्रमही दिलेला आहे. प्रथम अंत्यविधीचा व अखेरच्या आजारपणाचा वाजवी खर्च, त्यानंतर न्यायालयीन दाखले मिळविण्याचा व व्यवस्थापनाचा खर्च, त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत मृतासाठी काम केलेल्या मजुराची, कारागिराची किंवा घरगडी-मोलकरणीची मजुरी, आणि त्यानंतर इतर कर्जे असा तो क्रम आहे. मृत्युपत्राने दिलेल्या देणग्या या सर्वांच्या नंतर येतात. मोलकरणीच्या थकलेल्या पगाराला सावकाराच्या कर्जाआधी स्थान देणारी ही तरतूद जवळपास शंभर वर्षांची आहे. तथापि किती कुटुंबे हा क्रम पाळतात, हा प्रश्नच आहे.

देण्यांच्या संदर्भात वारसांच्या मनात मोठी भीती असते. वडिलांचे कर्ज मुलाला स्वतःच्या पगारातून फेडावे लागेल, असे अनेकांना वाटते. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरतीच मर्यादित असते, हा सर्वसाधारण नियम आहे. मुलाने स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारे वडिलांच्या नव्या कर्जासाठी मुलावर दावा लावता येत नाही. मृताचे आयकर विवरणपत्र भरण्याची जबाबदारी कायदेशीर प्रतिनिधीवर येते. तीही मालमत्तेच्या मर्यादेतच. वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेवर भारतात आज स्वतंत्र कर नाही. पूर्वीचा मृत्युकर १९८५ साली रद्द झाला.

२. एक उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक मृत्युपत्र न करता निधन पावले. त्यांच्यामागे वृद्ध आई, पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहे. धाकटा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. मालमत्तेत गावाकडील स्वकष्टार्जित शेतजमीन, पुण्यातील गृहनिर्माण संस्थेतील सदनिका, बँकेतील मुदतठेव, काही समभाग आणि विमा यांचा समावेश आहे. ठेवीला कोणाचेही नामनिर्देशन नाही. सदनिकेसाठी थोरल्या मुलाचे, तर विम्यासाठी पत्नीचे नामनिर्देशन आहे.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ८ नुसार आई, पत्नी, दोन मुलगे व मुलगी हे पाचही जण पहिल्या वर्गाचे वारस होत. शिक्षकांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत प्रत्येकाला एक पंचमांश हिस्सा मिळतो. मुलीचा विवाह झालेला आहे, तिच्या लग्नात मोठा खर्च झाला आहे, किंवा आईचे वय झाले आहे, या कारणांनी कोणाचाही हिस्सा कमी होत नाही. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असती, तर मुलीच्या सहदायक म्हणून असलेल्या जन्मसिद्ध हक्काचा हिशेब वेगळ्या रीतीने करावा लागला असता. मालमत्ता स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित, हे ठरविण्यासाठी जुने फेरफार आणि खरेदीखते तपासावी लागतात. वकिलाच्या साहाय्याची गरज येथूनच सुरू होते.

३. चार दाखले, चार प्रयोजने

निरनिराळ्या कार्यालयांकडून ‘वारस दाखला आणा’ असे एकाच शब्दांत सांगितले जाते. प्रत्यक्षात या नावाखाली निरनिराळे दाखले येतात आणि त्यांपैकी नेमका कोणता हवा आहे, हे न कळल्यामुळे कुटुंबांचे पैसे व वर्षे वाया जातात.

अ) उत्तराधिकार प्रमाणपत्र : १९२५ च्या अधिनियमातील कलम ३७० ते ३९० यांमध्ये याची तरतूद आहे. हे प्रमाणपत्र केवळ मृताचे येणे व रोखे, म्हणजे बँकेतील ठेवी, समभाग, कर्जरोखे इत्यादींपुरते असते. जमीन व घर यांसाठी ते मिळत नाही. अर्ज आल्यावर न्यायालय इतर वारसांना नोटिसा काढते, हरकती ऐकते आणि आवश्यक वाटल्यास अर्जदाराकडून तारण किंवा बंधपत्र घेते. अर्जात नमूद केलेल्या रकमांपुरतेच प्रमाणपत्र मिळत असल्यामुळे यादीत एखादी ठेव राहून गेली, तर पुन्हा विस्ताराचा अर्ज करावा लागतो. या प्रमाणपत्रामुळे बँकेला निर्धास्तपणे रक्कम देता येते. रक्कम घेणारा मात्र त्या रकमेचा एकटा मालक ठरत नाही. इतर वारसांचा हिस्सा त्याला द्यावाच लागतो.

आ) वारस प्रमाणपत्र : मुंबई इलाख्यात १८२७ साली केलेला आठवा विनियम आजही महाराष्ट्रात लागू आहे. या विनियमानुसार दिवाणी न्यायालय जाहीर नोटीस देऊन, हरकती मागवून मृताच्या वारसांना औपचारिक मान्यता देते. स्थावर मिळकतीच्या संदर्भात या प्रमाणपत्राचा उपयोग होतो. मात्र मिळकत मृताच्या मालकीची होती की नव्हती, हा वाद त्याने मिटत नाही.

इ) प्रोबेट : मृत्युपत्र खरे व विधिवत केलेले असल्याबद्दलची ही न्यायालयीन सिद्धता होय. मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच प्रोबेट मिळू शकते. मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही आणि ती पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नोंदणी ऐच्छिक असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रात, म्हणजे मुंबई शहरात, केलेल्या किंवा तेथील स्थावर मिळकतीसंबंधीच्या हिंदू, बौद्ध, शीख व जैन व्यक्तींच्या मृत्युपत्रांना दीर्घकाळ प्रोबेट सक्तीचे होते. पुणे, सातारा किंवा नागपूर येथे अशी सक्ती नव्हती. ही सक्ती ज्या कलम २१३ मुळे होती, ते कलम संसदेने २०२५ च्या निरसन व सुधारणा अधिनियमाने वगळले. प्रोबेटची सोय मात्र कायम आहे. सक्ती गेल्यामुळे मृत्युपत्राचा खरेपणा तपासण्याचा प्रश्न प्रथम बँक किंवा गृहनिर्माण संस्था यांच्यासमोर येईल. वाद संभवत असेल, तर ऐच्छिक प्रोबेट घ्यावे की घेऊ नये, याविषयी सल्ल्याची गरज त्यामुळे वाढली आहे.

ई) प्रशासनपत्र : मृत्युपत्र नसेल, किंवा असूनही त्यात व्यवस्थापक नेमलेला नसेल, तर न्यायालय प्रशासनपत्र देऊन एका व्यक्तीकडे संपूर्ण मालमत्तेची व्यवस्था सोपवू शकते. प्रोबेट किंवा प्रशासनपत्र मिळालेल्या व्यक्तीने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात सादर करणे कायद्याने अपेक्षित आहे. वारसांपैकी कोणीही हा हिशेब पाहू शकतो, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

४. तीन रूढ गैरसमज

पहिला गैरसमज नामनिर्देशनाविषयी आहे. ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लागले तो मालक झाला, असे सर्रास मानले जाते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये विम्याच्या बाबतीत, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांच्या समभागांच्या बाबतीत हा समज नाकारला. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम किंवा रोखे स्वीकारण्यास पात्र असते. मालकी वारसाहक्काच्या कायद्यानेच ठरते. विम्याच्या क्षेत्रात २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी व मुले यांना लाभार्थी नामनिर्देशित असा विशेष दर्जा दिला. या दर्जामुळे वारसाहक्काचा कायदा बाजूला सारला जातो काय, यावर न्यायालयांत वाद उपस्थित झालेले आहेत. सदनिकेच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली समाविष्ट झालेल्या तरतुदींनुसार मृत सभासदाच्या नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सभासद करून घेता येते. तात्पुरता हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वरील उदाहरणातील थोरल्या मुलाचे नाव भागपत्रावर आले, तरी सदनिकेतील त्याचा हिस्सा एक पंचमांशच राहतो.

दुसरा गैरसमज सातबाऱ्याविषयी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी लागते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी असे म्हटले जाते. वर्दीची नोंद वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत होते, त्यानंतर फेरफार नोंदवहीत नोंद होऊन हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अशी नोंद खरी असल्याचे कायदा गृहीत धरतो, परंतु विरुद्ध पुरावा मिळेपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नाव न लागल्याने ती नष्टही होत नाही. प्रतिज्ञापत्रात बहिणीचे नाव वगळून केलेल्या वारस नोंदीने बहिणीचा हक्क जात नाही. मात्र तो परत प्रस्थापित करण्यासाठी तिला महसुली अपील आणि प्रसंगी दिवाणी दावा यांची वाट चालावी लागते. हक्क शाबूत राहतो, पण तो सिद्ध करण्याचे ओझे चुकीच्या खांद्यावर जाते.

तिसरा गैरसमज असा की, एकदा उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळाले की सर्व मालमत्तेचा प्रश्न सुटतो. वर स्पष्ट केल्याप्रमाणे हे प्रमाणपत्र ठेवी व रोख्यांपुरतेच असते. जमिनीसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज करून काही महिन्यांनी तो निष्फळ ठरणे, हा अपुऱ्या सल्ल्याचा नेहमीचा परिणाम होय.

५. वकिलाची गरज कोठे नाही व कोठे आहे

प्रत्येक पायरीवर वकील लागतोच असे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सर्व वारस मान्य असतील आणि वाद नसेल, तर सातबाऱ्यावरील वारस नोंदीचा अर्ज कुटुंबीय स्वतः करू शकतात. शासनाच्या ई-हक्क प्रणालीद्वारे तो ऑनलाइनही करता येतो. नामनिर्देशन असलेल्या बँक खात्यासाठी मृत्यूचा दाखला, ओळखीचा पुरावा आणि मागणी अर्ज पुरेसा ठरतो. नामनिर्देशन नसलेल्या खात्यांसाठीही रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांत किमान १५ लाख रुपयांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंतचे वादरहित दावे न्यायालयीन दाखल्याशिवाय, बंधपत्र व इतर वारसांचे ना-हरकत पत्र घेऊन निकाली काढावयाचे आहेत. उदाहरणातील शिक्षकांची मुदतठेव या मर्यादेत असेल, तर उत्तराधिकार प्रमाणपत्राचा खर्च टळू शकतो. वारसांना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळवून देणे हेही न्यायालयाचे काम नाही. ते सेवानियमांनुसार पात्र व्यक्तीला मिळते आणि मृताच्या वाटणीयोग्य मालमत्तेत येत नाही. चांगला वकील या गोष्टी पहिल्याच भेटीत सांगतो, आणि तीच त्याची पहिली कसोटी होय.

याउलट काही प्रसंगी वकिलाशिवाय पुढे जाणे धोक्याचे असते. मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल शंका असणे, एकाहून अधिक मृत्युपत्रे निघणे, मालमत्तेचे स्वरूप वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित याविषयी वाद असणे, दुसऱ्या विवाहातील पत्नी किंवा मुले पुढे येणे, देणी मालमत्तेहून अधिक असणे, आणि वारसांपैकी कोणी अज्ञान असणे, हे असे प्रसंग होत. अज्ञान मुलाच्या नावावरील स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय आई किंवा वडिलांनाही विकता येत नाही, अशी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मधील तरतूद आहे. ही परवानगी न घेता केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकते.

परदेशस्थ वारसांचा प्रश्न आज महाराष्ट्रातील अनेक घरांत उद्भवतो. उदाहरणातील धाकट्या मुलाला प्रत्येक वेळी येता येत नसेल, तर तो भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवू शकतो. हे पत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. या पत्रात ‘सर्व अधिकार’ असा मोघम मजकूर न घालता कोणत्या मिळकतीविषयी कोणते काम करावयाचे, हे नेमके लिहिणे हिताचे असते. नोंदीसाठी दिलेला अधिकार विक्रीसाठी वापरला गेल्याने भावाभावांत निर्माण होणारी कटुता अशा काळजीने टाळता येते.

६. वकील कोणाचा?

मालमत्तेच्या व्यवस्थापनात सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, हा वकील कोणाचा? बहुतेक घरांत थोरला मुलगा किंवा काका ओळखीच्या वकिलाकडे जातात, कागद तयार करून आणतात आणि इतर वारसांना सह्या करण्यास सांगतात. इतरांची समजूत अशी होते की, हा ‘आपल्या घरचा’ वकील आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र वकील ज्याचे वकीलपत्र घेतो आणि ज्याला सल्ला देतो, त्याच्याशी तो बांधील असतो. सर्व वारसांचे एकमत असताना एकाच वकिलाने सर्वांसाठी अर्ज करण्यात गैर काही नाही. परंतु एकाने हक्क सोडावयाचा आणि दुसऱ्याने तो घ्यावयाचा, या टप्प्यावर दोघांचे हित परस्परविरोधी होते. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाला त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाच्या वतीने काम करता येत नाही. या नियमाचा आशय न्यायालयाबाहेरच्या कागदपत्रांनाही लागू करणे न्याय्य ठरेल.

हक्कसोडपत्राच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. स्थावर मिळकतीतील हक्क सोडणारा दस्त नोंदणीकृत असावा लागतो. एकदा दुय्यम निबंधकासमोर सही होऊन दस्त नोंदला गेला की, फसवणूक, दडपण किंवा गैरसमज सिद्ध करूनच तो रद्द करून घेता येतो. त्यासाठी वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते आणि सिद्धतेचा भार सही करणारीवर येतो. तेराव्याचा विधी आटोपून घर अजून दुःखात असतानाच ‘नोंदीसाठी एक सही हवी’ म्हणून बहिणीला तालुक्याला नेले जाते. ती सही वारस नोंदीच्या अर्जावर आहे की हक्कसोडपत्रावर, हे तिला ठाऊक नसते. वारस नोंदीने तिचे नाव लागते. हक्कसोडपत्राने ते कायमचे निघते. या दोन सह्यांमधील फरक तिला समजावून सांगणारी एक स्वतंत्र व्यक्ती त्या वेळी तेथे असणे, हेच वकिलाच्या साहाय्याचे खरे प्रयोजन आहे.

बहिणीने स्वेच्छेने हक्क सोडू नये, असा याचा अर्थ नाही. माहेरचा आधार टिकावा, भावाची शेती तुटू नये, आईची देखभाल त्याने करावी, अशा अनेक विचारांनी स्त्रिया हक्क सोडतात, आणि तो निर्णय त्यांचा आहे. तथापि निर्णय होण्यासाठी प्रथम हक्क माहीत असावा लागतो. आपला हिस्सा किती, त्याची किंमत काय, हक्क सोडण्याऐवजी हिस्सा ठेवून जमीन भावाला कसण्यास देता येईल काय, आईच्या हयातीपुरती राहण्याची व उत्पन्नाची तरतूद दस्तात लिहिता येईल काय, हे पर्याय समोर ठेवल्यानंतर केलेली सहीच स्वेच्छेची म्हणता येईल. विधवा आईच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच आवश्यक आहे; कारण मुलांच्या नावे हक्क सोडून दिल्यानंतर तिच्या हाती केवळ त्यांचा शब्द उरतो.

७. शुल्क, कागदपत्रे आणि विनामूल्य विधी सेवा

वकिलाकडे न जाण्याचे एक कारण खर्चाची भीती हे असते. न्यायशुल्क मालमत्तेच्या मूल्यावर ठरते. वकिलाचे शुल्क मात्र ठरवून घ्यावयाचे असते. ‘मालमत्ता मिळाली की त्यातील अमुक टक्के’ असा करार वकिलाला करता येत नाही. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेले किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेणारे शुल्क विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी निषिद्ध मानले आहे. पक्षकाराच्या रकमेचा हिशेब ठेवणे हेही वकिलाचे कर्तव्य आहे. पक्षकारांनीही काही पथ्ये पाळावीत. मूळ कागदपत्रे देताना त्यांची यादी करून पोच घ्यावी, शुल्क व कामाचे टप्पे लेखी ठरवावेत, कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि वकीलपत्र व कुलमुखत्यारपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवावे. वकीलपत्राने वकील न्यायालयात बाजू मांडतो. कुलमुखत्यारपत्राने दुसरी व्यक्ती आपल्या वतीने मिळकतीचा व्यवहारही करू शकते.

ज्यांना शुल्क परवडत नाही, त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये महत्त्वाची तरतूद आहे. कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना विनामूल्य विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व तालुका विधी सेवा समिती ही कार्यालये न्यायालयाच्या आवारातच असतात. म्हणजेच उदाहरणातील आई, पत्नी व मुलगी या तिघींनाही स्वतंत्र वकिलाचा सल्ला विनामूल्य मागता येतो. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी या कार्यालयात घालविलेला एक तास पुढील अनेक वर्षांची कोर्टकचेरी वाचवू शकतो.

८. गोव्यातील पद्धती : एक तुलना

महाराष्ट्राला लागून असलेल्या गोव्यात मात्र चित्र वेगळे आहे. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेतून आलेली वारसाविषयक व्यवस्था तेथे २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमात संकलित झाली असून हा कायदा २०१६ मध्ये अमलात आला. विशेष नोटरीसमोर वारसांची घोषणा करणारा दस्त होतो. इन्व्हेंटरी कार्यवाहीत सर्व वारसांना एकाच न्यायालयासमोर बोलावून मालमत्तेची यादी, मूल्यांकन व वाटप एकाच प्रकरणात केले जाते. मुलांसारख्या ठरावीक वारसांना मृत्युपत्रानेही पूर्णपणे डावलता येत नाही. निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव राहते. या पद्धतीतही विलंब व वाद आहेतच. परंतु यादी प्रथम व वाटणी नंतर, आणि तीही सर्वांच्या समक्ष, हे तिचे तत्त्व अनुकरणीय आहे. महाराष्ट्रात कायदा प्रत्येक मालमत्तेसाठी निराळा दरवाजा दाखवितो. त्यामुळे एकूण चित्र एकत्र मांडण्याचे काम येथे वकिलावर येऊन पडते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. मृताच्या मालमत्तेचे व्यवस्थापन हे यादी, वसुली, देणी व वाटणी या क्रमाने व्हावयास हवे. उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र, प्रोबेट व प्रशासनपत्र यांची प्रयोजने भिन्न असून कोणता दाखला कोठे लागतो, हे आरंभीच ठरविणे आवश्यक आहे. नामनिर्देशन, सातबाऱ्यावरील नोंद किंवा प्रमाणपत्र यांपैकी कशानेही इतर वारसांचा हक्क संपत नाही. तो संपतो बहुधा वारसाच्या स्वतःच्या, न समजता केलेल्या सहीने.

म्हणून वकिलाच्या साहाय्याचे मोल दावा लढविण्यापेक्षा दावा उद्भवू न देण्यात अधिक आहे, आणि ते साहाय्य सहीच्या आधी मिळाले तरच उपयोगाचे ठरते. ज्या घरात वारसांनी एकत्र बसून यादी केली, प्रत्येकाचा हिस्सा मोठ्याने वाचला गेला आणि हक्क सोडणाऱ्याला स्वतंत्र सल्ला मिळाला, त्या घरात मालमत्तेबरोबर नातीही वारशाने पुढे जातात. विधी महाविद्यालयांचे विधी साहाय्य केंद्र, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि ग्रामसभा यांच्या माध्यमातून ही माहिती गावोगावी, विशेषतः स्त्रियांपर्यंत पोहोचविणे हे शिक्षणसंस्थांचे सामाजिक कर्तव्य ठरते.